पिकअपला जादा रिव्हर्स लाईट लावल्यानंतर मागे घेताना वारंवार उडणारा फ्यूज

लक्षण असे होते: गाडी रिव्हर्समध्ये टाकली की मागचे नवे दिवे लख्ख लागत, आठ-पंधरा दिवस सगळे सुरळीत चाले आणि मग नेमके अंधारात, गरजेच्या वेळी फ्यूज उडे. माझ्या गाडीत त्याच फ्यूजवर डॅशबोर्डवरचे मीटरही आहे, त्यामुळे दिव्यांबरोबर मीटरचे काटेही खाली पडत. फ्यूज बदलला की सगळे पुन्हा चालू होई, आणि तिथेच फसगत होत होती, कारण बदललेल्या फ्यूजने गाडी चालते म्हणून दोष गेला असे आपण धरून चालतो. दहा महिन्यांत मी या एकाच तक्रारीसाठी तीनदा गाडी उघडली, आणि तिन्ही वेळा कारण निराळे निघाले. नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी, निफाड, गिरणारे या पट्ट्यात पिकअपला असे दिवे बसवणारे पुष्कळ जण आहेत आणि हीच तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे, म्हणून तिन्ही कारणे आणि ती शोधण्याची रीत सविस्तर लिहीत आहे.

दिवे का बसवले, हे आधी सांगणे आवश्यक आहे, कारण त्यावरूनच ते कुठे आणि कसे बसवायचे हे ठरते. गाडीचे मूळ रिव्हर्स बल्ब २१ वॅटचे असतात. डांबरी रस्त्यावर, पथदिव्यांच्या उजेडात ते पुरतात. द्राक्षबागेच्या कडेच्या रस्त्यावर, पहाटे चार-साडेचारला, दोन्ही बाजूंना मांडवाचे अँगल, मध्ये ठिबकचे व्हॉल्व्ह आणि मागे बांध असताना ते मुळीच पुरत नाहीत. काढणीच्या दिवसांत मजुरांची लहान मुले त्याच बांधावर गोधडीत झोपलेली असतात. आरशात काळोखाशिवाय काही दिसत नसताना गाडी मागे घेणे मला सहन होत नव्हते. ज्यांच्या शेतावर अशी मुले येतात त्यांनी दिव्यांचा खर्च पुढे ढकलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिले कारण: मूळ वायरीवरच टाकलेला भार

पहिल्यांदा दिवे बसवले ते सर्वात सोप्या रीतीने. मागच्या दिव्याच्या कपलरमधली (वायरी जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या सॉकेटमधली) रिव्हर्सची वायर सोलून तिला ५५ वॅटचे दोन हॅलोजन जोडले. बहुतेक ठिकाणी असेच जोडून दिले जाते आणि दिवे लगेच लागतातही.

हिशेब साधा आहे. २१ वॅटचा एक बल्ब १२ व्होल्टला सुमारे पावणेदोन अँपिअर घेतो, म्हणजे दोन बल्ब साडेतीन अँपिअर. ५५ वॅटचे दोन हॅलोजन आणखी सव्वानऊ अँपिअरच्या आसपास घेतात. बेरीज पावणेतेरा अँपिअरच्या जवळ जाते, आणि इंजिन चालू असताना अल्टरनेटर चौदा व्होल्टच्या आसपास देत असल्यामुळे प्रत्यक्ष प्रवाह त्याहूनही थोडा अधिक होतो. माझ्या गाडीत त्या जागी १० अँपिअरचा लाल फ्यूज आहे.

इथे एक प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. १० अँपिअरच्या फ्यूजमधून तेरा-चौदा अँपिअर जात असतील तर तो पहिल्याच वेळी का उडत नाही? याचे उत्तर फ्यूजच्या स्वभावात आहे. गाड्यांमध्ये वापरला जाणारा पात्याचा फ्यूज आपल्या आकड्याच्या १० टक्के अधिक प्रवाह कितीतरी तास सहन करतो. ३५ टक्के अधिक प्रवाहाला तो पाऊण सेकंदापासून दहा मिनिटांपर्यंत केव्हाही वितळू शकतो. प्रवाह दुप्पट झाला तर मात्र काही सेकंदांतच जातो. माझा भार नेमका त्या मधल्या पट्टीत होता. अंगणात गाडी वळवताना रिव्हर्स गिअर दहा सेकंद लागतो, तेवढ्यात फ्यूज तापून पुन्हा निवतो. बागेच्या दोनशे फुटी रस्त्यावर गाडी हळूहळू मागे घेताना मात्र तीन-चार मिनिटे जातात आणि फ्यूजला वितळायला पुरेसा अवधी मिळतो. थोडे मागे घेतले तर फ्यूज टिकतो आणि लांबवर मागे घेतले तर उडतो, असे आपल्या गाडीत होत असेल, तर शॉर्ट शोधण्याआधी भाराची बेरीज करावी.

या टप्प्यावर जी चूक सर्रास होते ती माझ्याही गाडीत झाली. ज्या इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेली त्याने लाल फ्यूज काढून २० अँपिअरचा पिवळा फ्यूज लावून दिला. फ्यूज उडणे थांबले. महिनाभराने मागच्या दिव्याचा कपलर उघडला तेव्हा त्यातले प्लॅस्टिक तपकिरी होऊन पिनेभोवती वितळलेले होते. फ्यूज हा दिव्यांसाठी नसून वायरीसाठी असतो. बारीक वायर जितका प्रवाह सुखाने वाहू शकते त्यापुढे तो जाऊ नये, एवढेच त्याचे काम. फ्यूज मोठा केला आणि वायर तीच ठेवली की तापण्याचे काम फ्यूजकडून वायरीकडे जाते, आणि ती वायर डिझेलच्या टाकीजवळून गेलेली असते. फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारा गुंडाळणे हा याच चुकीचा आणखी घातक प्रकार आहे. आपल्या गाडीत असे काही केलेले असेल तर पुढचे वाचण्याआधी ते काढून मूळ आकड्याचा फ्यूज लावावा.

योग्य जोडणी रिलेची, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचची, आहे. रिव्हर्सच्या मूळ वायरीने दिवे पेटवायचे नाहीत, तिने फक्त रिलेला इशारा द्यायचा. साध्या १२ व्होल्टच्या रिलेच्या ८६ क्रमांकाच्या पिनेला रिव्हर्सची वायर आणि ८५ ला अर्थ (गाडीच्या धातूतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी परतीची वाट) जोडावा; ३० क्रमांकाला बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून थेट आणलेली स्वतंत्र वायर द्यावी आणि ८७ पासून दिव्यांकडे वायर न्यावी. रिलेची गुंडाळी दीडशे मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह घेते. मूळ वायरीला तो जाणवतही नाही. बॅटरीपासून निघालेल्या वायरीवर बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरातच वेगळा फ्यूज असला पाहिजे, कारण फ्यूजच्या अलीकडचा तुकडा कुठे घासला तर त्याला कोणतेच संरक्षण नसते. काही गाड्यांत रिव्हर्सचा स्विच पॉझिटिव्हऐवजी अर्थ जोडतो, म्हणून ८५ आणि ८६ जोडण्यापूर्वी टेस्ट लॅम्पने ती बाजू तपासावी. गुंडाळीवर डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेला रिले घेतला तर उलट जोडणी चालत नाही. त्याच्या अंगावर छापलेल्या खुणा पाहूनच तारा लावाव्यात.

वायरीच्या जाडीकडे दुर्लक्ष करू नये. बॅटरीपासून मागच्या टोकापर्यंत वायर वळणे घेत पाच मीटर सहज भरते. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत तेवढ्या अंतरावर, सव्वानऊ अँपिअर प्रवाह असताना, एका बाजूलाच सुमारे ०.८ व्होल्ट वाया जातात. अडीच चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर हाच तोटा ०.३ व्होल्टच्या आसपास राहतो. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजबरोबर झपाट्याने घटतो: व्होल्टेज १० टक्के कमी झाले की उजेड जवळजवळ ३० टक्के कमी होतो. महाग दिवे आणि बारीक वायर हा व्यवहार तोट्याचा आहे. मी त्याच वेळी हॅलोजन काढून २७ वॅटचे दोन एलईडी दिवे घेतले. त्यांचा एकूण प्रवाह साडेचार अँपिअर, त्यामुळे नव्या वायरीवर साडेसात अँपिअरचा तपकिरी फ्यूज पुरला आणि मूळ जागी पुन्हा लाल फ्यूज आला.

दुसरे कारण: कुजलेला अर्थ

पावसाळा सुरू झाल्यावर तक्रार पुन्हा आली, पण रूप बदलून. फ्यूज शाबूत होते, दिवे मात्र मंद झाले, मग लुकलुकू लागले, आणि एक चमत्कारिक गोष्ट दिसली: रिव्हर्स गिअर टाकला की मागचे लाल दिवे, हेडलाईटचा स्विच बंद असतानाही, अंधुकसे पेटत.

हे शेवटचे लक्षण ज्याला दिसेल त्याने बाकी काहीही न तपासता थेट अर्थकडे जावे. मागच्या दिव्याच्या एकाच घरात रिव्हर्स, ब्रेक, टेल आणि इंडिकेटर असे चार बल्ब असतात आणि चौघांची परतीची वाट एकच असते. ती वाट बंद पडली की रिव्हर्सचा प्रवाह शेजारच्या बल्बमधून उलटा शिरून दुसरीकडून बॅटरीकडे जायचा मार्ग शोधतो. दिवे बसवताना नव्या एलईडीचा अर्थ त्याच घरातल्या बारीक काळ्या वायरीला जोडला गेला होता, आणि ती वायर पुढे चासीला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) ज्या बोल्टखाली बसवली होती तो बोल्ट गंजून गेला होता.

चासी इतक्या लवकर का गंजली, याचे कारण आपल्याकडच्या कामात आहे. हौद्यात मोरचुदाच्या गोण्या, बोर्डो मिश्रणाची पिंपे, ठिबकमधून द्यायची विद्राव्य खते यांची ने-आण वर्षभर होते. मोरचूद म्हणजे तांब्याचे सल्फेट; त्याचे पाणी लोखंडावर पडले की लोखंड विरघळू लागते आणि त्याच्या जागी तांब्याचा लालसर थर बसतो. खतांच्या क्षारांमुळे ओल टिकून राहते आणि गंज वेगाने वाढतो. हौद्याच्या फटीतून गळणारे हे पाणी नेमके मागच्या चासीवर, दिव्यांच्या बोल्टांवर उतरते. मी बोल्ट काढला तेव्हा वॉशरवर तांबूस पुटी स्पष्ट दिसत होती. नुसती डांबरी रस्त्यावर धावणारी गाडी असती तर हा बोल्ट कदाचित चार वर्षे टिकला असता.

अर्थ तपासताना मल्टिमीटरचा नुसता ‘बीप’ ऐकून समाधान मानू नये. वायरीचा एक केसही धातूला टेकलेला असला तरी बीप वाजतो, कारण त्या चाचणीत प्रवाह नगण्य असतो; साडेचार अँपिअर मात्र त्या केसातून वाहू शकत नाहीत. खरी तपासणी भाराखाली करावी लागते. दिवे चालू ठेवून मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवावा, त्याची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला आणि लाल वायर दिव्याच्या अर्थच्या टोकाला लावावी. लांब पडत असल्यास मध्ये साधी वायर जोडावी, तिने फरक पडत नाही. आकडा ०.१ ते ०.२ व्होल्टच्या आत असला तर अर्थ ठीक आहे. माझ्या गाडीत तो १.९ आला. याच रीतीने पॉझिटिव्ह बाजूही बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून दिव्याच्या टोकापर्यंत तपासता येते, आणि तोटा कुठल्या जोडाजवळ होतो आहे ते टप्प्याटप्प्याने पुढे सरकत शोधता येते. ज्यांना विजेच्या कामातली ही एकच चाचणी शिकायची इच्छा असेल त्यांनी ती शिकावी. तिने माझे किमान दोन दिवस वाचवले.

दुरुस्तीत नव्या दिव्यांना स्वतःची अडीच चौरस मिलिमीटरची अर्थची वायर दिली. चासीवर नवी जागा निवडली, हौद्याच्या फटीखाली न येणारी. रंग खरवडून उघडा धातू काढला, वायरीच्या टोकाला थिंबल (धातूचे कडे) दाबून बसवले, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला आणि वरून ग्रीसचा थर दिला. रंगावर बोल्ट आवळून काम भागवणे आणि वायर पिळून टेप गुंडाळणे, या दोन गोष्टी पहिल्या पावसातच उघड्या पडतात. मागच्या दिव्याच्या मूळ घराचा अर्थही त्याच वेळी साफ करून घेतला. आकडा १.९ वरून ०.०६ वर आला आणि लाल दिव्यांचे अंधुक पेटणे बंद झाले.

याच काळात एका एलईडीच्या काचेत पाणी दिसले. दिव्याच्या खोक्यावर आयपी ६७ लिहिलेले होते. त्याचा अर्थ दिवा एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरतो असा आहे. वॉशिंग सेंटरवरच्या जोरदार फवाऱ्याची हमी त्यात येत नाही. शिवाय तापलेल्या दिव्यावर गार पाणी पडले की आतली हवा आकसते आणि जिथे फट मिळेल तिथून, प्रसंगी वायरीच्या केसांमधूनही, ओल आत ओढली जाते. म्हणून जोड नेहमी दिव्यापेक्षा खालच्या पातळीवर ठेवावा, वायरीला जोडापूर्वी खाली एक झोळ द्यावा आणि जोडावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवल्यावर आकसणारी) नळी चढवावी.

तिसरे कारण: फक्त भरलेली गाडी मागे घेताना

हे कारण सापडायला सर्वात जास्त वेळ लागला. टोमॅटोच्या हंगामात पिंपळगाव बसवंतच्या बाजारात गाडी मागे लावताना, आणि एकदा पॅकहाऊसच्या रॅम्पवर, १० अँपिअरचा मूळ फ्यूज पुन्हा उडाला. नव्या वायरीवरचा साडेसातचा फ्यूज दर वेळी शाबूत होता. रिकामी गाडी कितीही वेळ मागे घेतली तरी काही होत नव्हते.

कोणता फ्यूज उडाला ही माहिती मौल्यवान असते. तो फेकून नवा लावण्याआधी ती लिहून ठेवावी. दिवे आता बॅटरीच्या स्वतंत्र वायरीवर होते. मूळ फ्यूजवर उरले होते ते मीटर, गाडीचे दोन मूळ बल्ब आणि रिलेची गुंडाळी, म्हणजे जुनाच भार. तेवढ्याने १० अँपिअर वितळणे शक्य नाही. तेव्हा इशाऱ्याची वायर कुठेतरी गाडीच्या धातूच्या अंगाला लागत होती. फ्यूज पुढच्या गिअरमध्ये कधीच उडत नव्हता, म्हणजे दोष रिव्हर्सच्या स्विचच्या पलीकडे, जी वायर केवळ रिव्हर्समध्येच जिवंत होते तिच्यात होता. उरला प्रश्न एकच: भरलेल्या गाडीतच का?

माझा पहिला संशय पाट्यांवर (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांवर) गेला. भाराने पाटे बसतात, हौदा आणि एक्सल जवळ येतात, त्यांच्यामध्ये वायर चेपत असेल असे वाटले. मागची सगळी वायर उघडून पाहिली. कुठेही ओरखडा नव्हता. एक पूर्ण रविवार त्यात गेला.

मग बल्बची युक्ती वापरली. उडालेला फ्यूज काढून त्याच्या दोन पिनांच्या जागी २१ वॅटचा बल्ब जोडायचा. शॉर्ट नसेल तेव्हा बल्ब पेटत नाही किंवा जेमतेम लालसर होतो. वायर अंगाला लागली की पूर्ण बारा व्होल्ट त्याच बल्बवर येतात आणि तो भक्कन पेटतो. प्रवाह पावणेदोन अँपिअरच्या पुढे जाऊ शकत नाही, त्यामुळे शॉर्ट कितीही वेळ टिकला तरी वायर तापत नाही आणि एकामागून एक फ्यूज जाळावे लागत नाहीत. चाचणीपूर्वी गाडीचे मूळ रिव्हर्स बल्ब काढून ठेवावेत, नाहीतर त्यांच्या भारानेच हा बल्ब पेटतो आणि गोंधळ होतो. मीटर त्याच फ्यूजवर असेल तर ते या चाचणीत नीट चालणार नाही, म्हणून ही चाचणी फक्त स्वतःच्या आवारात करावी, रस्त्यावर नाही, आणि गाडीच्या मागे कोणी उभे नाही याची खात्री करूनच करावी.

गाडी उभी असताना सगळ्या वायरी हलवून पाहिल्या, बल्ब पेटला नाही. शेवटी लांब वायर जोडून बल्ब केबिनमध्ये आणला, हौद्यात भरलेले क्रेट तसेच ठेवले आणि शेडपुढच्या चढावर गाडी मागे घेतली. भावाला बल्बकडे पाहायला शेजारी बसवले. क्लच सोडत गाडीने जोर धरला त्या क्षणी बल्ब पेटला. क्लच दाबला की विझला. पुन्हा सोडला, पुन्हा पेटला. गाडी अजून वीतभरही सरकली नव्हती. खड्डे, पाटे, हौदा यांचा संबंध नव्हता. संबंध होता तो इंजिनच्या जोराशी.

त्यानंतर उत्तर समोरच होते. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसलेले असतात आणि चाकांकडे जोर जाताना ते थोडे पिळतात. पुढच्या गिअरमध्ये एका बाजूला पिळतात, रिव्हर्समध्ये प्रोपेलर शाफ्ट उलटा फिरत असल्याने दुसऱ्या बाजूला. रिव्हर्सचा गिअर पहिल्या गिअरसारखाच जोराचा असतो, त्यामुळे भरलेली गाडी चढावर मागे घेताना हा पीळ सर्वात मोठा असतो. रिकाम्या गाडीत तो जाणवण्याइतकाही नसतो. रिलेच्या कामाच्या वेळी इशाऱ्याची वायर गिअरबॉक्सवरच्या रिव्हर्स स्विचजवळच जोडली गेली होती, कारण तिथून इंजिनकडे जायला अंतर कमी पडते. ती वायर पुढे लगेच क्रॉस मेंबरला (चासीच्या आडव्या पट्टीला) प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधली होती. एक टोक हलणाऱ्या गिअरबॉक्सवर, दुसरे स्थिर चासीवर, आणि मध्ये बोटभरही ढील नाही. गाडी जोरात मागे घेतली की ती वायर ताणून माउंटिंगच्या पत्र्याच्या धारेवर घासत होती. गाडीखाली आरसा धरून पाहिले तेव्हा धारेवर तांब्याचा चकाकता बिंदू दिसला.

कारखान्यातून आलेल्या वायरीला त्या जागी मोठा झोळ दिलेला होता. तो झोळ निष्काळजीपणाने सुटलेला नसतो, तो गिअरबॉक्सच्या हालचालीसाठी मोजून ठेवलेला असतो. आपण त्याला ‘लोंबणारी वायर’ समजून बांधून टाकतो.

मी गिअरबॉक्सजवळचा जोड पूर्ण काढला आणि तिथली मूळ वायर नव्या तुकड्याने, सोल्डर न करता योग्य मापाच्या क्रिम्पने (दाबून बसवायच्या धातूच्या जोडाने) आणि हीट श्रिंकने दुरुस्त केली. सतत हलणाऱ्या जागी सोल्डर केलेली वायर सोल्डर संपते त्या ठिकाणी कडक होऊन तुटते. इशारा आता केबिनच्या मागच्या बाजूला, जिथे हार्नेस (गाडीच्या वायरींची जुडी) चासीला क्लिपने पक्का बसलेला आहे आणि दोन्ही टोके एकत्र हलतात, तिथून घेतला आहे. संपूर्ण नवी वायर खाचदार लवचिक नळीतून नेली आहे, आणि जिथे पत्र्यातून आरपार जाते तिथे रबरी ग्रोमेट बसवले आहे. रिव्हर्स स्विचही त्याच वेळी बदलला, कारण त्याच्या कपलरमध्ये गिअर ऑइल झिरपलेले होते. संपर्क खराब झालेल्या स्विचमुळे रिलेला पुरेसे व्होल्टेज मिळत नाही आणि तो टकटक वाजत राहतो. ज्यांच्या गाडीत दिवे लुकलुकतात आणि रिलेचा आवाज येतो, त्यांनी अर्थनंतर हा स्विच पाहावा.

बसवण्याविषयी राहिलेले थोडे

दिवे फालक्यावर (हौद्याच्या मागच्या उघडणाऱ्या झडपेवर) किंवा जाळीवर वर बसवू नयेत. फालका उघडला की ते जमिनीकडे वळतात, आणि वरून येणारा उजेड मागच्या माणसाच्या थेट डोळ्यांत जातो. चासीच्या मागच्या आडव्या पट्टीखाली, नंबर प्लेट झाकली जाणार नाही असे, किंचित खाली कललेले आणि थोडे बाहेरच्या बाजूला वळवलेले दिवे आरशात सर्वात उपयोगी उजेड देतात. लांब फेकणारा दिवा घेऊ नये, पसरणारा घ्यावा. मागे आपल्याला पंधरा-वीस फूटच पाहायचे असते. फार निळसर पांढरा उजेड निफाडच्या हिवाळी धुक्यात आणि शेतरस्त्याच्या धुळीत परत आपल्याच डोळ्यांवर येतो असा माझा अनुभव आहे, म्हणून मी थोडा उबदार पांढरा निवडला.

काही जण केबिनमध्ये स्वतंत्र स्विच लावून हे दिवे रिव्हर्सशिवायही पेटतील असे करतात. क्रेट भरताना ते सोयीचे वाटते, पण मी ते केलेले नाही आणि कोणी करू नये असे सांगतो. रिव्हर्सचा दिवा पांढरा असतो आणि तो फक्त रिव्हर्स गिअरमध्येच लागावा, हा नियम मागच्या गाडीच्या जिवासाठी आहे. ओझर-पिंपळगाव महामार्गावर चुकून चालू राहिलेला पांढरा झोत मागून येणाऱ्याला एकतर आंधळे करतो, नाहीतर समोरची गाडी मागे येत आहे असे भासवतो. भरण्यासाठी उजेड हवा असेल तर हौद्यात वेगळा, आत पाहणारा दिवा लावावा. गाडीत बदल करण्यावर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ची बंधने आहेत. फिटनेससाठी नाशिकच्या पेठ रोडवरच्या परिवहन कार्यालयात गाडी नेण्यापूर्वी आपली जोडणी तिथे विचारून घ्यावी. वॉरंटीत असलेल्या गाडीचा मूळ हार्नेस कापण्याआधी सर्व्हिस सेंटरशीही बोलावे.

तिसऱ्या दुरुस्तीनंतर टोमॅटोचा उरलेला हंगाम आणि पूर्ण द्राक्षकाढणी झाली. दोन्ही फ्यूज तेच आहेत. ग्लोव्ह बॉक्समध्ये एक कागद ठेवला आहे: कोणत्या फ्यूजवर काय चालते, नवी वायर कोणत्या रंगाची आहे, रिले कुठे आहे आणि अर्थचा आकडा शेवटचा कधी आणि किती आला. मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस सुरू होण्यापूर्वी, तो आकडा पुन्हा मोजतो. यंदा ०.०९ आला, म्हणून बोल्ट उघडून पुन्हा घासला आणि ग्रीस नवे लावले.